पोर्टातलं ग्रीस

आमच्या घरात न गंजणारी गोष्ट एकच, आईची जीभ. बाकी सगळं गंजतं. खिडकीचे गज, पंख्याची जाळी, कपाटाच्या बिजागऱ्या, दाराची कडी, सगळ्यांना खारी हवा लागते. डहाणू गावात आमचं घर किनाऱ्याला इतकं लागून आहे की भरतीला ओटीवर बसून पाय धुता येतील, असं आई पाहुण्यांना सांगते. पाय अजून कुणी धुतलेले नाहीत, पण माझ्या पहिल्या मोबाईलचं चार्जिंगचं भोक मात्र दुसऱ्याच पावसाळ्यात हिरवं पडून बंद झालं. तो मोबाईल बाबाने घेऊन दिला होता. मी नवा घेतला आणि विसरून गेले. बाबा विसरला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

बाबा म्हणजे नारू तांडेल. त्याच्या बोटीचं नाव ‘पुतळी प्रसाद’, आणि पुतळी म्हणजे माझी आई. डहाणूत निम्म्या बोटींना देवीचं नाव आहे, बाबाने बायकोचं दिलं. देवी कोपली तर नारळाने शांत होते, हिचं तसं नाही, असं त्याचं म्हणणं.

जून-जुलैत मासेमारीला बंदी असते. बोट वर ओढून ताडपत्रीखाली ठेवलेली, जाळी दुरुस्त करून झालेली, आणि माणूस घरात. अशा माणसाच्या हाताशी ग्रीसचा डबा असला की घरातल्यांनी जपून राहावं. बोटीवर ग्रीसशिवाय चालत नाही. बॅटरीची टोकं, इंजिनाचे नट, पुलीचा आस, जिथे उघडा धातू दिसेल तिथे बोटाने ग्रीस फासायचं, म्हणजे खारी हवा आत शिरत नाही. बोटीवरचं सगळं फासून झालं की बाबा घराकडे वळतो. फाटकाला लावतो, शिलाई मशीनला लावतो, शेजारच्या सायकलींना न विचारता लावतो. एकदा आईच्या विळीच्या स्क्रूला लावलं, तेव्हा दोन दिवस वांग्याच्या भाजीला इंजिनाचा वास येत होता. त्यावर आई काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

आणखी एक सांगायला हवं. बाबा जाळं कुठे टाकतो हे कुणालाही माहीत नाही. भिंतीला भिंत लागून राहणारा त्याचा सख्खा भाऊ, देवजीकाका, दरवर्षी बोट निघताना विचारतो, “नारू, यंदा कुठं टाकतोस?” आणि बाबा दरवर्षी सांगतो, “पाण्यात.” मागे एका योजनेतून बोटीवर एक यंत्र बसवून मिळालं. ते चालू ठेवलं की आपली बोट कुठे आहे हे आजूबाजूच्या मोठ्या जहाजांना दिसतं, म्हणजे जहाज जाळ्यावरून जात नाही. बसवणारा माणूस धक्क्यावरून खाली उतरला न उतरला, तोच बाबाने बटण बंद केलं. “माशाचा पत्ता काय पेपरात छापू?” म्हणाला. मग त्या यंत्राच्या टोकांनाही ग्रीस लावलं, कारण बंद असलं तरी वस्तू गंजता कामा नये.

मी काम करते बेलापूरच्या एका कंपनीत. कुणाचा कंटेनर कुठल्या जहाजावर आहे, ते जहाज कुठे पोचलं, बंदरातून ट्रक सुटला की नाही, हे बघायचं आणि लोकांच्या ईमेलना उत्तरं द्यायची. यासाठी तीन पडदे लागतात. एकावर जहाजांचा नकाशा, एकावर ट्रक, एकावर ईमेल. एकाच पडद्यावर हे करायला गेलं की ट्रक बघताना जहाज सुटतं आणि जहाज बघताना गिऱ्हाईक ओरडतं. सुरुवातीचे महिने मी तिकडे पीजीत राहून काढले. तिथे मी एकदा सुक्या बोंबलाची पिशवी उघडली, तर मालकिणीने माझी गादी जिन्यात नेऊन ठेवली. त्या दिवसापासून मी ऑफिसातल्या मॅडमच्या मागे लागले होते की मला घरून काम करू द्या.

मॅडम शेवटी कबूल झाल्या, पण त्यांच्या पद्धतीने. “लॅपटॉप आणि दोन मॉनिटर पाठवते. सोमवारी सकाळी व्हिडिओवर तिन्ही पडदे चालू दाखव. चालले तर घरून कर. नाही चालले तर त्याच आठवड्यात बॅग घेऊन ऑफिसात ये, आणि पुन्हा हा विषय नको.”

मला जायचं नव्हतं. त्यात काही गुंतागुंत नाही. मला माझ्या घरात, माझ्या बोंबलांसकट राहायचं होतं.

मॉनिटर आले, तारा आल्या, पण त्या तारा खुपसायच्या कुठे हे कंपनीत कुणी बघितलं नव्हतं. लॅपटॉप नवा, एकदम बारीक. बारीक करता करता बनवणाऱ्यांनी भोकंच काढून टाकली होती. हेडफोनचं एक, आणि टाइप-सीची दोन. त्यातल्या एकात चार्जर. मॉनिटरची रुंद तोंडाची तार कशातच जात नव्हती.

मी लॅपटॉप उचलला आणि मसोलीला जिग्नेशच्या दुकानात गेले. जिग्नेश शाळेत माझ्या पुढे दोन वर्षं. घरी गुजराती, गिऱ्हाइकाशी मराठी आणि घाईत असला की दोन्ही एकदम. त्याने लॅपटॉप हातात धरून आडवा करून बघितला.

“हा लॅपटॉप नाय बेन, पापड छे.”

“जिग्नेश, सोमवारपर्यंत दोन मॉनिटर चालायला पाहिजेत.”

त्याने दोन तोंडांचा एक हब दिला. एका बाजूने लॅपटॉपमध्ये लावायचा, दुसऱ्या बाजूने दोन मॉनिटर. घरी आणून लावला आणि दोन्ही मॉनिटर उजळले. मी टाळी वाजवणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की दोघांवर एकच चित्र आहे. इकडे ट्रक आणला की तिकडेही ट्रक. सेटिंग उलटसुलट केली, तरी दोघं जुळ्यांसारखे तसेच.

आई दारातून बघत होती. “डोळे दोन हायत तरी चित्र एकच दिसतं ना? मग तुझ्या मॅडमला काय तरास हाय?”

मी परत मसोलीला. जिग्नेशने डोकं खाजवलं. मग त्यालाच उमगलं. “तुझ्या या लॅपटॉपात एका भोकातून एकच चित्र बाहेर येतं. त्याला मी दोन तोंडं लावली, म्हणून दोघं तेच बोलतात. दोन वेगळी चित्रं पाहिजेत तर दोन्ही भोकं वापरायची.” त्याने दोन छोटे ॲडॅप्टर काढून दिले. एकाला फक्त मॉनिटरचं तोंड. दुसऱ्याला मॉनिटरचं तोंड आणि बाजूला चार्जरसाठी जागा. “एकपण भोक रिकामं राहणार नाय. पेनड्राइव्ह वगैरे विसरून जा.”

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरात तीन पडदे तीन वेगळ्या गोष्टी दाखवत होते. आळीतली पोरं येऊन गेली. देवजीकाका येऊन गेला. “टीव्हीचं दुकान काढलंस काय गं?” म्हणाला आणि खिडकीतून आमच्या ताडपत्रीखालच्या बोटीकडे बघत चहा पिऊन गेला. बाबा मात्र मॉनिटरच्या मागे जाऊन उभा राहिला, वाकून तारा बघितल्या, भोकं बघितली, आणि बाहेर गेला.

शनिवारी सकाळी त्याने बोंबील सुकवायच्या वलांडीचे बांबू आणि बोटीची एक जुनी फळी आणून मॉनिटरसाठी मांडणी करायला घेतली. माझ्या टेबलावर ते दोघं मावत नव्हते. मी तारा काढून दिल्या, चार्जर तेवढा लॅपटॉपला ठेवला, आणि आईबरोबर बाजारात गेले.

दुपारी आले तर मांडणी उभी होती. अशी घट्ट की वादळात घर गेलं तरी ती राहावी. मी खूश होऊन लॅपटॉप घेतला, पहिला ॲडॅप्टर रिकाम्या भोकात लावला. तो इतका सुळकन आत गेला की मीच दचकले. मॉनिटर काळाच. काढून बघितला तर ॲडॅप्टरच्या टोकाला पिवळट, चिकट काहीतरी. त्याचा वास मी झोपेतही ओळखला असता.

“बाबा,” मी हाक मारली. “तू याला ग्रीस लावलंस?”

“लावलं ना,” बाबा ओटीवरून म्हणाला. अगदी सहज, पाणी भरलं का विचारल्यावर सांगावं तसं. “एकाला लावलं. दुसऱ्यात करंट होता, म्हणून त्याला नाय लावलं. चालू लायनीला हात लावू नये.”

“अरे, हे बोटीचं इंजिन आहे का?”

“धातू हाय ना आत? उघडाच. गंजेल.”

मग माझा तोल सुटला. कंपनीचा लॅपटॉप, सोमवारची परीक्षा, पीजीतली गादी, सगळं एकदम तोंडातून बाहेर पडलं. आणि शेवटी मी म्हणाले, “दिवसभर घरात बसून दुसरं काम नाही का तुला?”

बंदीच्या दिवसांत दर्यावर जाणाऱ्या माणसाला हे म्हणायचं नसतं. आळीत लहान पोरालाही हे कळतं. बाबा उठला, चप्पल न घालता बाहेर गेला आणि ताडपत्रीत शिरून बोटीत बसला. मला वाटलं आता आई मला सोलणार. पण आईने त्याच्या चपला उचलून बोटीपाशी नेऊन ठेवल्या, आणि ते जास्त लागलं.

मी लॅपटॉप घेऊन पुन्हा मसोलीला. जिग्नेशने स्पिरिट लावलं, मऊ ब्रश फिरवला, कागदाची सुरळी घातली. आतून ग्रीस येतच राहिलं. “कोणी लावलं, काम एकदम पक्कं केलंय,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं, म्हणून मी त्याच्याकडे बघितलं आणि तो गप्प झाला. “पुरं सुकेपर्यंत याच्यात करंट नको सोडू. एक आठवडा तरी. कदाच चालेल, कदाच नाय.”

“आणि सोमवारी?”

“सोमवारी तुझ्याकडे एक भोक. त्यातून चार्जिंग करायचं, आणि दोन वेगळी चित्रं काढायची.” त्याने बोटं मोजल्यासारखी केली. “त्याला वेगळा डॉक येतो. त्याच्यात स्वतःची चिप असते, दुसरं चित्र ती बनवते. पण माझ्याकडे नाय. वापीची दुकानं पण उद्या बंद, रविवार.”

आमच्या ऑफिसात लॅपटॉप सांभाळायचं काम क्रांतीकडे आहे. तिला मी फोन लावला. खारी हवा, दमट हवामान असं काहीतरी सांगायचं ठरवलं होतं, पण तिने “पोर्टात नक्की काय गेलंय?” असं विचारल्यावर माझ्या तोंडून खरंच बाहेर आलं.

“ग्रीस.”

“कसलं ग्रीस?”

“बोटीचं.”

पलीकडे ती फोन लांब धरून हसत होती. “इथे लोक चहा सांडतात, कॉफी सांडतात,” ती म्हणाली. “ग्रीस पहिल्यांदाच. थांब, कपाटात तसला एक डॉक आहे. उद्या वापीच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते. तलासरी नाक्यावर उभी राहा.”

डहाणूत बस येत नाही का, असं विचारू नये. गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या हायवेने जातात आणि हायवे तलासरीला आहे. आमच्याकडे आंब्याच्या पेटीपासून नव्या नवरीच्या बॅगेपर्यंत कितीतरी गोष्टी अशाच ड्रायव्हरच्या पायाशी बसून आल्या आहेत.

रविवारी दुपारी मी छत्री घेऊन निघाले तर बाबा स्कूटर काढून उभा. मागे मासळीचा थर्माकोलचा डबा दोरीने बांधलेला. “पार्सल भिजायला नको,” एवढंच म्हणाला. मी मागे बसले. डबा माझ्या पाठीला, मी बाबाच्या पाठीला. कोसबाडच्या चढावर पावसाने आम्हाला नीट धुऊन काढलं. चिकूच्या वाड्या मागे गेल्या, भाताची खाचरं आली, लावणीच्या बायका कंबरेत वाकलेल्या. एरवी बाबा वाटभर बोलतो. कुणाची वाडी, कुणी विकली, कुणाच्या पोरीने पळून जाऊन लग्न केलं. त्या दिवशी तो फक्त हॉर्न वाजवत होता, समोर कुणी नसतानाही.

नाक्यावर ट्रकांची रांग, धूर आणि चिखल. आम्ही चहाच्या टपरीच्या ताडपत्रीखाली उभे राहिलो. बस आली, नीट थांबलीसुद्धा नाही. क्लीनरने दारातून ओरडून विचारलं, “डहाणूचं पार्सल?” बाबा पळत गेला आणि दोन्ही हात पुढे करून ते घेतलं. डब्यात तळाला प्लास्टिक, मग पार्सल, वर पुन्हा प्लास्टिक, मग झाकण, मग दोरी. पापलेटला इतका मान मिळालेला मी पाहिला नव्हता.

चहा सांगितला. मी विचारलं, “का लावलंस ग्रीस?” आवाज शक्य तितका सरळ ठेवला.

बाबाने बशीत चहा ओतला, फुंकला, पण प्यायला नाही.

“तुझा तो मोबाईल गंजलेला. तवा तू बोललीस, या घरात काय टिकत नाय.”

मला असं बोलल्याचं आठवत नव्हतं. पण बोलले असेन. आईची जीभ थोडी माझ्याकडेही आली आहे.

“हे पण गंजलं असतं,” बाबा म्हणाला. “मग मॅडमने बोलावलं असतं, तू गेली असतीस. म्हणून लावलं. काडीला कापूस गुंडाळून, आतून, नीट. वाटलं, हे टिकलं तर पोर पण टिकेल.”

समोरून एक ट्रक गेला आणि टपरीवरच्या ताडपत्रीतलं पाणी धो धो खाली आलं. बाबाने ते जाईपर्यंत वाट बघितली.

“आणि तिकडं गेलीस, तिकडं तुझं काय गंजलं, तर बघायला कोण हाय?”

ट्रकच्या धुराने डोळे झोंबले असं मी सांगणार नाही. मला रडू आलं आणि मी तलासरी नाक्यावर उभी राहून रडले. काल त्याला जे बोलले होते ते परत घ्यायला शब्द शोधत होते, पण बाबाने बशी माझ्याकडे सरकवली.

“पी आधी. गार होतो.”

परत येताना तो बोलायला लागला. कुणाच्या पोरीने कुणाबरोबर पळून लग्न केलं ते मला सगळं कळलं.

डॉक लावला तेव्हा त्याला मासळीचा वास येत होता, पण तो एकटा एका भोकात बसून सगळं सांभाळत होता. एका बाजूने चार्जर आत, दुसऱ्या बाजूने दोन मॉनिटर बाहेर. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर, टाकायला कंपनीचा पासवर्ड लागतो, तो क्रांतीने तिच्या घरून टाकून दिला. पडदे उजळले. उजवीकडे जहाजं, डावीकडे ट्रक, मध्ये लॅपटॉपवर ईमेल. बाबाने लॅपटॉपपासून हातभर लांब उभं राहून बघितलं. हात त्याने पाठीमागे बांधले होते.

सोमवारी सकाळी मॅडम व्हिडिओवर आल्या. मी कॅमेरा फिरवून तिन्ही पडदे दाखवले. मग त्या म्हणाल्या, “आता काम करून दाखव. जहाजाच्या नकाशावरून हा नंबर उचल आणि ईमेलमध्ये टाक.”

जहाजांचा पडदा माझ्या उजव्या हाताला. मी माऊस उजवीकडे नेला. बाण लॅपटॉपच्या कडेला जाऊन आपटला आणि थांबला. पुन्हा नेला, पुन्हा तेच. पडद्यांची मांडणी सेटिंगमध्ये उलटी राहिली होती. डोळ्यांना जे उजवीकडे दिसत होतं ते लॅपटॉपच्या हिशोबाने डावीकडे होतं. मॅडम पेन वाजवत होत्या.

मी घाबरून माऊस उलटा ओढला आणि बाण गायब झाला.

“तिकडं निघाला,” मागून बाबाचा आवाज आला. तो इस्त्रीचा शर्ट घालून कधी येऊन बसला होता कोण जाणे. “उजवीकडं बग. पार त्या कडेला.”

खरंच, बाण उजव्या पडद्याच्या पलीकडच्या टोकाला उभा होता. मी सेटिंग उघडली, दोन चौकोन ओढून त्यांची जागा बदलली आणि बाण जिथे जायला हवा तिथे जायला लागला. नंबर उचलला, ईमेलमध्ये टाकला.

“ते मागे कोण आहेत?” मॅडमनी विचारलं.

“माझे बाबा.”

बाबाने नमस्कार केला. दारात आईनेही पदर सावरून नमस्कार केला, तिला तर कॅमेरा दिसतही नव्हता. “ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या. “घरूनच कर. आणि तो ग्रीसवाला पोर्ट सुकला की मला सांग.” म्हणजे क्रांतीने सगळ्यांना सांगितलं होतं.

व्हिडिओ बंद झाला. आई म्हणाली, “एवढ्यासाठी घर डोक्यावर घेतलेलं?” आणि आत जाऊन गोडाचा शिरा करायला लागली. बाबा मात्र उजव्या पडद्यासमोरून हलला नाही. नकाशावर समुद्र निळा, आणि त्यावर छोटे छोटे बाण, प्रत्येक बाणाजवळ जहाजाचं नाव.

“ही आत्ताची?”

“आत्ताची. आत्ता या क्षणी तिथेच आहेत.”

त्याने बोट पडद्याला न लावता हवेत फिरवलं. “ही रांग आमच्या डोक्यावरून जाते. जाळी कापतात ती हीच.” मग बराच वेळ बघून म्हणाला, “आमच्या बोटी नाय दिसत?”

“यंत्र चालू असलं तर दिसतात.”

बाबा “हां” म्हणाला आणि शिरा खायला गेला.

ऑगस्टमध्ये बंदी उठली. नारळी पौर्णिमेला आईने नारळ वाहिला, बोटीला हार घातला आणि ‘पुतळी प्रसाद’ पाण्यात उतरली. देवजीकाका गुडघाभर पाण्यात उभा होता. “नारू, यंदा कुठं टाकतोस?”

“पाण्यात,” बाबा म्हणाला.

बोट गेली की घरात एक प्रकारची शांतता येते. आई दिवसा भांडते, बाजार करते, हसते, पण कढी उतू जाईपर्यंत चुलीकडे बघत उभी राहते. माणूस चार-पाच दिवस कुठे आहे हे कळत नाही, आणि कळत नाही हेच आमच्याकडे चालत आलेलं आहे. तिची सासूही अशीच दाराकडे बघत बसायची, असं ती सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एका गिऱ्हाइकासाठी जहाज शोधत होते. ते कंटेनरचं जहाज सापडलं, आणि त्याच्या खाली एक इवलासा बाण दिसला. आधी तिथे काही नव्हतं. मी त्यावर माऊस नेला. इंग्रजी अक्षरं उमटली. मी ती वाचली, मग पुन्हा वाचली.

“आई, इकडे ये.”

ती कोलंबी सोलत होती, तशीच ओल्या हाताने आली. “काय?”

“हे बघ, काय लिहिलंय.”

“मला काय इंग्लिश येतं?”

“तुझं नाव आहे. पुतळी प्रसाद. बाबा तिथे आहे. आत्ता.”

आईने बोट त्या बाणावर टेकवलं आणि पडद्यावर कोलंबीचं पाणी लागलं. मी पुसलं नाही. जी जागा त्याने सख्ख्या भावाला इतक्या वर्षांत सांगितली नाही, ती त्याने मला सांगितली होती, एक शब्द न बोलता, एक बटण दाबून. असा पडदा आमच्या आळीत एकच आहे हे त्याला माहीत होतं, आणि तो पडदा कुणाच्या समोर आहे हेही. मला इतका आनंद झाला की मी त्या गिऱ्हाइकाला चुकीच्या जहाजाचं नाव कळवलं आणि नंतर माफी मागितली.

तो बाण कुठे होता ते मी इथेही लिहिणार नाही.

तेवढ्यात ओटीवर चपला वाजल्या. देवजीकाका. “काय गं भाविनी, तुझ्या त्या टीव्हीत म्हणे जहाजं दिसतात? जिग्नेश बोलला.” आणि तो मान वाकडी करून आत बघायला लागला.

मी हात मागे नेला आणि डॉकची तार खेचली. दोन्ही पडदे काळे झाले.

“बंद पडलंय काका.”

“आत्ता तर चालू दिसत होतं.”

“पोर्टात ग्रीस गेलंय ना.”

“हिच्या बापाने लावलंय,” आई म्हणाली. तिने मान वर केली नव्हती. “सगळ्याला लावतो मेला.”

काका थोडा वेळ घुटमळला. काळ्या पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आईकडे बघायची हिंमत केली नाही, आणि चहा न पिता गेला. त्याचं फाटक लागल्याचा आवाज आला नाही, कारण त्यालाही ग्रीस आहे. मी खिडकीतून तो आत गेल्याचं बघितलं आणि तार पुन्हा लावली.

बाण तिथेच होता, किंचित पुढे सरकलेला. आईने स्टूल ओढलं, कोलंबीचं ताट मांडीवर घेतलं आणि पडद्यासमोर बसून राहिलेली सोलायला घेतली.